सापडलेले बँक कार्ड : गल्ल्यात पडून असलेली अमानत

दुकानात गिऱ्हाईक छत्री विसरते, डबा विसरतो, चष्मा विसरतो. दुकानदार अशा वस्तू खुंटीला अडकवून ठेवतो आणि चार दिवसांनी ज्याची वस्तू तो येऊन घेऊन जातो. त्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. अलीकडे गिऱ्हाईक बँकेचे कार्डही विसरू लागले आहे आणि आमचा दुकानदार तेही छत्रीसारखेच समजून गल्ल्याच्या कोपऱ्यात टाकून देतो. हॉटेलवाले, मेडिकलवाले, झेरॉक्सवाले आणि कपडे शिवणारे कारागीर यांच्या गल्ल्यात पुष्कळदा अशी एक-दोन अनोळखी कार्डे निघतात. ती कोणी आणून दिली, कधी दिली, हे विचारले तर मालक नोकराकडे पाहतो आणि नोकर मालकाकडे.

दुकानदाराच्या मनात यात काही खोट नसते. त्याने कार्ड वापरलेले नसते आणि तो वापरणारही नसतो. गिऱ्हाईक येईल तेव्हा देऊ, एवढाच त्याचा हेतू असतो. परंतु केवळ हेतू चांगला असून भागत नाही. छत्री आणि कार्ड यांत मोठा फरक आहे व तो समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट सुटणार नाही.

कार्डाचा मालक कोण?

आपल्या खिशातले कार्ड काढून त्याची मागची बाजू वाचून पाहावी. बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात छापलेले असते की हे कार्ड बँकेच्या मालकीचे असून सापडल्यास बँकेला परत करावे. म्हणजे ज्याचे नाव कार्डावर कोरलेले असते त्याला ते वापरण्यापुरते दिलेले असते. खात्यातले पैसे त्याचे आणि प्लॅस्टिकचा तुकडा बँकेचा. ज्याने ते उचलले त्याचा त्यावर कोणत्याही काळी, कितीही दिवस उलटले तरी, हक्क निर्माण होत नाही.

रोख रकमेची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमध्ये १८५१ साली ब्रिजेस विरुद्ध हॉक्सवर्थ हा खटला गाजला होता. एका दुकानाच्या जमिनीवर एका फिरत्या विक्रेत्याला नोटांचे पुडके सापडले. त्याने ते मालकाला परत देण्यासाठी दुकानदाराच्या स्वाधीन केले. दुकानदाराने जाहिरातही दिली. तीन वर्षे कोणी आले नाही, तेव्हा त्या नोटा दुकानदाराच्या की सापडवणाऱ्याच्या असा वाद झाला आणि कोर्टाने सापडवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. नोटेचा मालक कोण हे नोटेवर लिहिलेले नसते, म्हणून असा प्रश्न उभा राहू शकला. कार्डावर मात्र बँकेचे नाव ठळक असते, बहुधा वापरणाऱ्याचेही नाव असते. तेव्हा 'मालक सापडला नाही' ही सबब कार्डाच्या बाबतीत कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या फिकहमध्ये सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात आणि त्याबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका माणसाने याविषयी विचारले असता त्यांनी वस्तूची थैली आणि तिची बांधणी नीट ओळखून ठेवण्यास व एक वर्ष पुकारा करण्यास सांगितले, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. त्याच हदीसमध्ये चुकलेल्या उंटाविषयीही विचारणा आहे. त्याला हात लावू नये, तो आपल्या पायांनी व पोटातल्या पाण्याच्या बळावर मालक येईपर्यंत तग धरतो, असा त्याचा आशय आहे. मात्र एकट्या बकरीला उचलण्याची परवानगी आहे, कारण तिला लांडगा खाईल.

आता कार्ड उंटासारखे की बकरीसारखे? आमच्या मते ते बकरीसारखे आहे. रस्त्यावर किंवा यंत्राच्या तोंडाशी पडून राहिले तर लांडग्याच्या हाती जाणार हे नक्की. म्हणून ते उचलणे योग्य. परंतु वर्षभर पुकारा करून नंतर वापरात आणण्याचा जो मार्ग इतर वस्तूंबाबत खुला होतो, तो इथे नाही. मालक ठाऊक आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कार्डाच्या पाठीवरच छापलेली आहे. वर्ष कसले, इथे तासांचा हिशेब आहे.

थैली आणि बांधणी ओळखून ठेवण्याच्या सूचनेत व्यापाऱ्याला मोठा धडा आहे. पुकारा करताना सगळ्या खुणा सांगायच्या नाहीत. खुणा मागायला येणाऱ्याने सांगायच्या असतात. 'अमुक बँकेचे, अमुक नावाचे कार्ड सापडले आहे' असे ओरडून सांगितले तर भलताच माणूस येऊन तेच शब्द परत म्हणून दाखवील. 'एक कार्ड मिळाले आहे, ज्याचे असेल त्याने खूण सांगून न्यावे', एवढाच पुकारा पुरे.

साक्षीदार आणि वही

कोणी कार्ड आणून गल्ल्यावर ठेवले की पहिली गोष्ट म्हणजे ते एकट्याने ताब्यात घेऊ नये. जवळ असलेल्या नोकराला किंवा शेजारच्या दुकानदाराला दाखवावे आणि 'हे परत देण्यासाठी ठेवून घेत आहे' असे बोलून दाखवावे. यालाही जुना आधार आहे. सापडलेल्या वस्तूवर एक-दोन विश्वासू माणसांना साक्षी ठेवावे आणि ती लपवू नये, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. साक्षीदार न ठेवता उचललेली वस्तू गहाळ झाली आणि मालकाने उचलणाऱ्याच्या हेतूवरच शंका घेतली, तर इमाम अबू हनीफा यांच्या मते भरपाई द्यावी लागते. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ मात्र उचलणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य मानतात. शाफई मतानुसार साक्षीदार ठेवणे पसंतीचे आहे, बंधनकारक नाही. मतभेद काहीही असोत, दुकानदाराने साक्षीदार ठेवण्यात त्याचेच हित आहे.

ते हित कोणते? समजा मंगळवारी दुपारी कार्ड हरवले. ते सापडण्यापूर्वी तासभर कोणा लबाडाच्या हातात होते, त्याने त्यावर खरेदी केली आणि मग ते तुमच्या दुकानासमोर टाकून दिले. एका भल्या माणसाने उचलून तुमच्याकडे आणले. पुढे तपास सुरू झाला तर शेवटी कार्ड कोणाच्या हाती गेले हे विचारले जाईल, आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तुम्ही ते घेताना दिसाल. त्या वेळी तुमच्या वहीत तारीख, वेळ आणि आणून देणाऱ्याचे नाव असेल तर प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. नसेल तर तुमचा चांगला हेतू तुमच्या तोंडच्या शब्दांवरच उभा राहतो.

वही साधी शंभर पानी चालते. त्यात तारीख, वेळ, कोणी दिले, कुठे सापडले, बँकेचे नाव, कार्डावरचे नाव आणि क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे लिहावेत. पूर्ण सोळा आकडे कधीही लिहू नयेत. पाठीवरचा तीन आकडी क्रमांक तर मुळीच नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवणे हेही तेच पाप, उलट अधिक वाईट, कारण वही दुकानात राहते आणि फोटो कुठे कुठे फिरेल याचा नेम नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना गिऱ्हाईकांचे कार्ड क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई केली आहे. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. हा नियम सापडलेल्या कार्डांसाठी केलेला नाही, तरी ओळख पटवण्यास किती माहिती पुरते याचे ते उत्तम माप आहे.

नोंद झाली की कार्ड कागदाच्या पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, त्यावर वहीतला अनुक्रमांक लिहून कुलपात ठेवावे. पाकीट यासाठी की दिवसभरात गल्ल्यावर चार हात फिरतात. आणखी एक कारण आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक पिन क्रमांक कार्डाच्या कव्हरवर पेनाने लिहून ठेवतात, विशेषतः वयस्कर माणसे आणि ज्यांना आकडे लक्षात राहत नाहीत असे कामगार. असे कव्हर म्हणजे किल्लीसकट सापडलेले कुलूप. ते आणखी कोणाला दाखवू नये आणि बँकेला फोन करताना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

'चालते का पाहू' म्हणून नोकराने कार्ड आपल्या मशीनवर टेकवून पाहणे, हा प्रकार गमतीतही होऊ देऊ नये. १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंतचा व्यवहार, कार्डावर ती सोय चालू असल्यास, पिन न टाकता नुसते टेकवून होऊ शकतो. गंमत म्हणून एक रुपयाचा व्यवहार केला तरी मालकाच्या मोबाईलवर संदेश जातो आणि त्यात तुमच्या दुकानाचे नाव असते. पुढचे सांगायला नको.

फोन कोणाला करावा?

कार्डाच्या पाठीवर बँकेचा फोन क्रमांक असतो. त्यालाच फोन करावा. मोबाईलवर बँकेचे नाव टाकून 'कस्टमर केअर' शोधू नये, कारण तिथे ठगांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. सापडलेले कार्ड हातात घेऊन ठगालाच फोन लावला तर तो त्यावरचे सगळे आकडे तुमच्याकडूनच वाचून घेईल. बँकेचा माणस फोनवर आला की दुकानाचे नाव, गाव आणि कार्ड सापडल्याची वेळ सांगावी, कार्ड बंद करण्याची विनंती करावी आणि कार्ड कुठे जमा करायचे ते विचारावे. बँक खातेदाराचा पत्ता किंवा फोन तुम्हाला देणार नाही. काही दुकानदारांना याचा राग येतो. 'आम्ही भले करायला निघालो आणि बँक आमच्यावरच अविश्वास दाखवते' असे ते म्हणतात. परंतु बँक जर कोणाही फोन करणाऱ्याला खातेदाराचा पत्ता देऊ लागली तर उद्या तुमचाही पत्ता असाच कोणाला तरी मिळेल.

मालकाला थेट गाठण्याचा मोह होतो. कार्डावरचे नाव ओळखीचे असेल, गिऱ्हाईक रोजचे असेल, तर जरूर निरोप द्यावा. मात्र कार्डाचा फोटो मोहल्ल्याच्या किंवा मशिदीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे ही भलाई नव्हे. दोन्ही बाजूंचा फोटो गेला म्हणजे कार्डावरचे सगळे काही गेले. आपल्या देशातील व्यवहारात ओटीपी लागतो हे खरे, परंतु मालकाने परदेशी व्यवहाराची सोय चालू ठेवलेली असेल तर परदेशातील काही ठिकाणी नुसत्या आकड्यांवर काम भागते.

मालकाला फोन करायचा झालाच तर एक अडचण लक्षात ठेवावी. 'तुमचे कार्ड आमच्याकडे आहे' असा फोन आला की शहाणा माणूस आता घाबरतो, कारण ठगही अशीच सुरुवात करतात. म्हणून त्याला काहीही विचारू नये. ओटीपी नाही, जन्मतारीख नाही, खाते क्रमांक नाही. आपल्या दुकानाचे नाव आणि पत्ता सांगावा, 'येऊन घेऊन जा किंवा आधी बँकेला विचारा' असे म्हणून फोन ठेवावा. त्याने विश्वास ठेवला नाही तर वाईट वाटून घेऊ नये. त्याने तसे वागणेच बरोबर आहे.

मालक आला तर त्याने नाव, बँक आणि शेवटचे चार आकडे सांगावेत. आकडे पाठ नसतील तर मोबाईलवर आलेल्या बँकेच्या संदेशात बहुधा ते असतात. एखादे फोटो असलेले ओळखपत्र पाहावे, वहीत सही घ्यावी आणि मगच पाकीट द्यावे. 'मी त्याचा भाऊ, मला द्या' असे म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, मग तो खरोखरच भाऊ का असेना. घरातल्या घरातही खात्यावरून वाद असतात आणि त्यात दुकानदाराने पडू नये.

त्या दिवशी कोणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी बँक उघडताच कार्ड त्या बँकेच्या जवळच्या शाखेत नेऊन द्यावे. खातेदाराचे खाते त्याच शाखेत असावे असे काही नाही. मॅनेजरच्या नावे दोन ओळींचे पत्र लिहून त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा आणि ती प्रत वहीला चिकटवावी. गावात त्या बँकेची शाखाच नसेल तर फोनवर बँक जे सांगेल ते करावे. बहुधा ती कार्ड कापून टाकायला सांगते. तेव्हा सोनेरी चिप आणि मागची काळी पट्टी दोन्ही तुटतील असे तुकडे करावेत, साक्षीदारासमोर करावेत आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवावी. बँकेला न विचारता मात्र कापू नये, कारण वर सांगितल्याप्रमाणे वस्तू तिची आहे. पाकिटात कार्डाबरोबर रोकड, आधार किंवा इतर कागद असतील तर ते सगळे नोंद करून पोलीस ठाण्यात द्यावे आणि पोच घ्यावी.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप? भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा विचार करावा. त्याचे घर उत्तर प्रदेश किंवा बिहारमधल्या खेड्यात, खाते तिथल्याच शाखेत, आणि इथे त्याच्याजवळ एक कार्ड. मजुरीतले उरलेले पैसे तो खात्यात टाकतो आणि घरच्यांना पाठवतो. कार्ड गेले की नवीन कार्ड बहुधा त्याच्या गावच्या पत्त्यावर जाते. ते इथे पोहोचेपर्यंत त्याची खोली आणि खानावळ उधारीवर चालते. त्याचे कार्ड झेरॉक्सच्या दुकानात तीन आठवडे गल्ल्यात पडून राहिले, तर दुकानदाराने एक पैसाही न घेता त्याचे नुकसान केले, असे आम्ही म्हणू. पहिल्याच तासात ते त्याच्या हाती पडले असते तर नवीन कार्डाची गरजच पडली नसती. एकदा कायमचे बंद केलेले कार्ड सहसा पुन्हा चालू होत नाही.

कोणी असेही म्हणतो की कार्ड क्रेडिटचे आहे, त्यात व्याजाचा मामला आहे, मग त्याची एवढी काळजी कशाला? हा विचार चुकीचा आहे. मालकाचे व्यवहार कसे आहेत, तो कोणत्या धर्माचा आहे, याने अमानतीत फरक पडत नाही. अमानत तिच्या हक्कदाराकडे पोहोचवण्याचा कुरआनचा आदेश (सूरह अन-निसा, आयत ५८) सर्वांसाठी आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ती ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते. सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी ती जपली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे घेतलेल्या त्रासाचे पैसे दावा लावून मागता येत नाहीत. मालकाने आधीच इनाम जाहीर केले असेल तर गोष्ट वेगळी. मालकाने खुशीने काही दिले तर ते कार्ड उचलून आणणाऱ्या पोऱ्याला द्यावे, दुकानदाराने ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. परत देण्यासाठी ठेवून घेणारा गुन्हेगार नाही, हेही तिथेच स्पष्ट केले आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तशीच ओळखीची खूण लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुकानातल्या नोकरांना हे एकदा समोर बसवून सांगावे.

आपलेच कार्ड हरवले तर

कार्ड दिसेनासे झाले की आधी बँकेच्या ॲपमधून ते तात्पुरते बंद करावे. ही सोय असल्यामुळे 'घरी असेल, शोधून पाहतो' यात वेळ जात नाही. सापडले तर पुन्हा चालू करता येते, न सापडल्यास फोन करून कायमचे बंद करावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. आधी पोलिसांत तक्रार करा मग कार्ड बंद करू, असे बँकेने म्हणता कामा नये. खातेदाराने कळवताच कार्ड बंद करावे, बाकीचे सोपस्कार नंतर, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगितले आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावरही लगेच कळवावे.

नुकसान कोणी सोसायचे, याबद्दल रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. त्यानुसार दोष बँकेचा किंवा खातेदाराचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि खातेदाराने संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार ५,०००, १०,००० किंवा २५,००० रुपयांपर्यंत भार येतो. लघु उद्योगांची चालू खाती १०,००० च्या गटात धरली आहेत. आपल्या बँकेत आज कोणते आकडे लागू आहेत ते शाखेत विचारून घ्यावे.

व्यापाऱ्यांनी याच परिपत्रकातले एक वाक्य फार जपून वाचावे. पिन दुसऱ्याला सांगण्यासारख्या खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान खातेदारानेच सोसायचे आहे. आमच्या बाजारात मालक गादीवरून उठत नाही, कार्ड आणि पिन दोन्ही पोऱ्याच्या हाती देऊन 'दहा हजार काढून आण' म्हणतो. पोरगा इमानदार असतो, पण वाटेत त्याच्या खिशातून कार्ड पडले आणि पिनची चिठ्ठीही त्यातच होती, तर बँक एक रुपयाही देणार नाही. नोकराला रोख आणायला पाठवायचेच असेल तर त्याच्या हाती चेक द्यावा.